सुळकूच्या घरात पाणी

चौथ्या मजल्यावर एक गॅलरी.
गॅलरीत दोन विटा.
विटांवर कुंडी.
कुंडीत झाड. ॲव्होकाडोचं झाड. बुटकं. कितीही खाऊ घाला, बुटकंच राहणार. जातच तशी.
झाडाखाली माती.
आणि मातीत सुळकू.

सुळकू म्हणजे गांडूळ. बोटाएवढं. तांबूस तांबूस.
सुळकूला काम फार. माती खायची. माती भुसभुशीत करायची. वर जायचं. खाली यायचं. वर जायचं. खाली यायचं.
दुपार झाली की सुळकू दमायचा. मग आडवा व्हायचा.
गांडुळाला डोळे नसतात. पण झोप असते.

त्या दुपारी सुळकू आडवा झाला. नुकतीच झोप लागत होती.
तेवढ्यात वरून काय आलं?
गड गड गड! पाणी आलं!

घरातले आबा आले होते. हातात अर्धा तांब्या.
"उरलेलं पाणी टाकू नये. झाडाला घालावं," आबा म्हणाले. ओतलं. गेले.

मग आली बयो. आबांची नात. शाळेतून आली. हातात अर्धी बाटली.
"उरलेलं पाणी टाकू नये. झाडाला घालावं," बयो म्हणाली. ओतलं. गेली.

मग आला सोपान. बयोचा बाबा. कामावरून आला. हातात अर्धा पेला.
"उरलेलं पाणी टाकू नये. झाडाला घालावं," सोपान म्हणाला. ओतलं. गेला.

आणि सकाळी तांदळाचं धुवण घातलेलं होतंच. ते बयोच्या आईनं. एक भांडं भरून.

झालं! सुळकूचं घर भरलं. अंथरूण बुडालं. उशी बुडाली. भिंती विरघळल्या.
सुळकू वर आला. काठावर चढला. काठावरून घसरला.
टप! पडला फरशीवर.

फरशी कोरडी. कडक. गांडुळाचं अंग ओलं लागतं. ओलं असलं तर गांडूळ जगतं. वाळलं की संपलं.
सुळकूला आता लवकर घरी जायचं होतं. पण घरात पाणी.

सुळकू कुंडीकडे वळला.
"कुंडीताई, कुंडीताई, पाणी सोड.
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

कुंडी म्हणाली, "दमले रे बाबा, दमले. पोटात एवढं पाणी. कंबर मोडली माझी. सोडलं असतं रे. पण बुडाच्या भोकावर खापर बसलंय."
"तिथं कुणी ठेवलं?"
"बयोच्या आईनं. झाड लावताना. भोकातून माती जाऊ नये म्हणून. तेव्हा तिरकं होतं. आता चपटं बसलंय. खापर हललं, तर मी पाणी सोडेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक सुळुक. हुश्श.

दोन विटांच्या मधे फट होती. सुळकू फटीत शिरला. खालून भोकापाशी आला.
"खापरभाऊ, खापरभाऊ, जरा हल.
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

खापर म्हणालं, "दमलो रे बाबा, दमलो. मी कौलाचा तुकडा. जन्मभर छपरावर होतो. ऊन खाल्लं, वारा खाल्ला, माकडं नाचली अंगावर. आता कुठं बसायला मिळालंय. आपणहून उठायचा नाही मी. मुळानं ढकललं, तर हलेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक सुळुक. हुश्श.

खापराच्या कडेला मूळ होतं. गोरं गोरं. बारीक.
"मूळबाळा, मूळबाळा, खापर ढकल.
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

मूळ म्हणालं, "दमलं रे बाबा, दमलं. पाण्यात उभं राहून राहून बोटं सुरकुतली माझी. पोटात काही नाही. ढकलू कशानं? वरून पान जेवलं, तर मला जेवण येतं. पान जेवलं, तर मी ढकलेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक सुळुक. हुश्श.

झाड बुटकं, म्हणून खालचं पान खूप खाली. कुंडीच्या काठावर मान टाकून पडलेलं. कड पिवळी. टोक करपलेलं.
"पानबाई, पानबाई, जेवून घे.
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

पान म्हणालं, "दमले रे बाबा, दमले. जेवू काय? ताट रिकामं. मला भात नको, पोळी नको. मला ऊन लागतं. दुपार झाली, उन्हाचा घास नाही. ऊन आलं, तर मी जेवेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक सुळुक. हुश्श.
शेपटाकडून सुळकू वाळायला लागला होता.

गॅलरीच्या कठड्यावर ऊन बसलं होतं. बाहेरच्या बाजूला. पाय लोंबकळत.
"ऊनराव, ऊनराव, आत या.
पान जेवेना,
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

ऊन म्हणालं, "दमलो रे बाबा, दमलो. सकाळपासून चालतोय. सगळ्या इमारती चढलो. सगळ्या इमारती उतरलो. आत यायचंच होतं. पण ही चादर बघ. वाळत घातलीय, आडवी. चादर सरकली, तर येईन. पण एक सांगू?"
"काय?"
"मी आलो की तू वाळशील."
सुळकूनं वाळलेलं शेपूट जवळ ओढलं. 
मग म्हणाला, "वाळेन तर वाळेन. तुम्ही या. माझं मी बघतो."

सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक सुळुक. हुश्श.

चादर मोठी. निळ्या फुलांची. दोरीवर लोंबत होती, थेट फरशीपर्यंत.
"चादरमावशी, चादरमावशी, बाजूला सरक.
ऊन येईना,
पान जेवेना,
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

चादर म्हणाली, "दमले रे बाबा, दमले. सकाळी भिजवलं. मग घासलं. मग आपटलं. मग पिळलं. अंग अंग ठणकतंय. वाळून कधीच झाले मी. घडी होऊन पडायचंय मला. पण चिमट्यानं कान धरलाय. चिमटा सुटला, तर सरकेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळकूनं मान वर केली. गांडुळाला मान कुठली? तरी केली.
"चिमटेदादा, चिमटेदादा, चादर सोड.
चादर सरकेना,
ऊन येईना,
पान जेवेना,
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

चिमटा दातओठ आवळूनच बोलला, "दमलो ले बाबा, दमलो. तकालपातून तोंड मितून बतलोय. जबला दुखतोय. पन द्वालकाबाई उथली, तिनं दाबलं, तलच मी तुतेन."

काय म्हणाला, कळलं का?
सुळकूला कळलं. चिमटा म्हणाला, द्वारकाबाई उठली, तरच मी सुटेन.

द्वारकाबाई म्हणजे बयोची आई.

"बरं," सुळकू म्हणाला.
सुळुक सुळुक. थांब. दम घे.
सुळुक. थांब.
सुळुक. हुश्श.
आता सुळकू अर्धा वाळला होता.

गॅलरीच्या दारात द्वारकाबाई बसली होती. पाय लांब पसरून. पाठ चौकटीला. पदरानं वारा घेत.
"द्वारकाबाई, द्वारकाबाई, जरा उठ.
चिमटा सुटेना,
चादर सरकेना,
ऊन येईना,
पान जेवेना,
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

द्वारकाबाईनं खाली बघितलं.
"अरे देवा! आबा काम सांगतात. बयो काम सांगते. बयोचा बाबा काम सांगतो. आता गांडुळंही मलाच सांगणार का?"
सुळकू म्हणाला, "दुसरं कोण उठतं या घरात?"
"तेच की! दमले रे बाबा, दमले. दोनशे पोळ्या लाटून आले. चार जिने चढून आले. आले तशी बसले. घोटभर पाणी दिलं का कुणी? नाही दिलं. आज मी उठत नाही. चादर वाळो, नाहीतर फाटो. कुणी पाणी दिलं, तर उठेन."

"बरं," सुळकू म्हणाला.
बरं म्हणायचंसुद्धा त्याच्या जिवावर आलं होतं.
सुळुक. थांब.
सुळुक. थांब.
सुळ... उक.

आत खुर्चीत सोपान बसला होता. हातात आता दुसरा पेला. पेल्यात पाणी. अर्धं पिऊन झालेलं, अर्धं उरलेलं.
"सोपानदादा, सोपानदादा, बाईला पाणी दे.
बाई उठेना,
चिमटा सुटेना,
चादर सरकेना,
ऊन येईना,
पान जेवेना,
मूळ ढकलेना,
खापर हलेना,
कुंडी सोडेना,
घर भरलं पाण्यानं, झोपू कुठं मी?"

सोपान म्हणाला, "दमलो रे बाबा, दमलो. आत्ताच टेकलो."
"पण हातात पाणी आहे की!"
"उष्टं आहे. उष्टं पाणी माणसाला देत नाहीत. ते झाडाला घालायचं."
"नको!" सुळकू ओरडला. "झाडाला नको! मग माठातलं दे. माठ तिथं आहे. चार पावलं."
"चार पावलं खरी. पण उठावं लागतं ना! या घरात जो उठतो ना, तोच अडकतो. उठलास? मग पंखा लाव. उठलास? मग दार बघ. उठलास? मग दूध तापव. म्हणून मी उठतच नाही."
"मग कोण उठणार?"
"दुसरं कुणी उठलं, की मग मी उठेन."

झालं का!
आता कुणाकडे जायचं? पुढं कुणीच नव्हतं.
सुळकू रडला नाही. सुळकू चिडला.
तांबूस होता, तो लालेलाल झाला.
"सगळे दमलेत," सुळकू म्हणाला. "कुंडी दमली. खापर दमलं. मूळ दमलं. पान दमलं. ऊन दमलं. चादर दमली. चिमटा दमला. बाई दमली. तू दमलास. आणि मी? मी काय लोळत आलो इथवर?"

समोर सोपानचा पाय होता. उघडा. जाडजूड अंगठा.
सुळकूनं उरलासुरला जोर काढला. उरलासुरला ओलावा काढला.
सुळुक!
चढला अंगठ्यावर.
गार. ओला. गुळगुळीत. अंगठ्यावरून बोटावर. बोटावरून मधल्या फटीत.

"आऽऽई गंऽऽ!"
सोपान टुणकन उठला! पाय झटकला. सुळकू पडला दारापाशी. पुस्स!


सोपाननं इकडं बघितलं. सोपाननं तिकडं बघितलं. सोपान उभा होता.
हळूच तो परत बसायला गेला.

"अहो!" दारातून द्वारकाबाई म्हणाली. "उठलाच आहात, तर पाणी द्या."
"अगं, दमलोय."
"मी पण. खुर्चीला मुळं फुटली नाहीत ना तुम्हाला? चार पावलं चाला."

सोपाननं खुर्चीकडं बघितलं. खुर्ची जवळ होती. मग द्वारकाबाईकडं बघितलं. ती नुसती बघत राहिली.
सोपान माठाकडं गेला.
पेला विसळला. पेला भरला. अर्धा नाही. काठोकाठ.
"घे," म्हणाला.

द्वारकाबाई पाणी प्याली. गट गट गट गट. थेंब ठेवला नाही.
"हुश्श!" म्हणाली. "आता उठते. उठलेच, तर चादर काढते."

द्वारकाबाई उठली.
चिमटा दाबला. टक! चिमटा सुटला.
"आऽऽह!" चिमटा म्हणाला. तोंड उघडं टाकून बसला.
चादर सरकली. सर्रर्र!
ऊन आत आलं. झपकन! गॅलरीभर पसरलं.
पान जेवायला बसलं. मचमच मचमच.
मुळाच्या पोटात घास गेला. मूळ फुगलं. मुळानं ढकललं. हुंऽऽऽ!
खापर हललं. खट! "बसू द्या की," म्हणालं. पण तिरकं झालं.
कुंडीनं पाणी सोडलं.
भळ भळ भळ भळ!

आणि सुळकू?
सुळकू दारात होता. पुढं ऊन. फरशी तापलेली. कुंडी लांब.
सुळुक... नाही झालं.
सुळ... नाही झालं.
अंग कडक. एक पाऊल सरकवेना. पाऊल तरी कुठलं? पोट. पोट सरकवेना.
"घर रिकामं झालं," सुळकू म्हणाला. "आणि मी इथंच वाळणार."

तेवढ्यात काय आलं?
झुळझुळ झुळझुळ!
पाणी आलं!
कुंडीतून निघालं. विटांमधून निघालं. गॅलरीला उतार दाराकडं. पाणी दाराकडं धावलं. फरशीवर ओली वाट झाली. लांब. गार गार.
पाणी आलं, ते थेट सुळकूच्या तोंडाशी.
सुळकूनं तोंड भिजवलं. पोट भिजवलं. शेपूट भिजवलं.
आणि निघाला.

सुळुक सुळुक सुळुक सुळुक!
आता थांब नाही. आता दम घे नाही.
पाणी इकडं, सुळकू तिकडं. पाणी उताराला, सुळकू चढाला.
ओली वाट. ओली वीट. ओली फट. वर भोक.
पाणी बाहेर, सुळकू आत!

इकडं द्वारकाबाईचा पाय घसरता घसरता राहिला.
"हे काय? एवढं पाणी? ह्या कुंडीत? आबा! बयो! अहो! इकडं या. सगळे या. उठा!"
सगळे उठले. उठावंच लागलं.
"कुणी घातलं पाणी?"
"मी अर्धाच तांब्या," आबा म्हणाले.
"मी अर्धीच बाटली," बयो म्हणाली.
"मी अर्धाच पेला," सोपान म्हणाला.
"अर्धा, अर्धी, अर्धा! बुडवायला निघालात झाडाला! आणि रोज विचारता, फळ कधी लागणार, फळ कधी लागणार!"
बयो म्हणाली, "आई, सकाळी तू पण घातलंस. तांदळाचं. भांडं भरून."
द्वारकाबाईनं कपाळावर हात मारला.
"घातलं. मी पण घातलं. चार जणांची चार पाणी, झाड एक. आता सगळ्यांनी ऐका. मातीत बोट घालायचं. बोट कोरडं आलं, तर पाणी. ओलं आलं, तर काही नाही. कळलं?"
"आणि उरलेलं पाणी कुठं घालायचं?" आबांनी विचारलं.
"उरवायचंच नाही! प्याल तेवढंच घ्या!"
आबांनी मातीत बोट घातलं. बयोनं बोट घातलं. सोपाननं बोट घातलं.
ओलं. ओलं. ओलं.
तिघं मागं फिरले. गपचूप.
"अहो, जाताय कुठं? उठलाच आहात, तर फरशी पुसा."
सोपाननं फडकं घेतलं.
द्वारकाबाई खुर्चीत बसली. सोपानच्या खुर्चीत. पाय वर घेऊन.

मातीत हे काही ऐकू आलं नाही.
माती आता छान होती. ओली, पण बुडालेली नाही. मऊ. गार. सुळकूनं एक भोक केलं. आपल्या मापाचं. आत शिरला. इकडं वळला. तिकडं वळला. गोल झाला.
"झोपू इथं मी," सुळकू म्हणाला.
आणि झोपला.

सुळकूच्या घरातलं पाणी गेलं.
पाण्याबरोबर गोष्ट पण वाहून गेली.
आता पाय पसर. आवाज नको.